आधी मळी काढावी

कोल्हापुरात एक कारकून राहत होता. शाहूपुरीतल्या एका खासगी वित्त कंपनीत त्याची नोकरी होती. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवली, तीच ही पेठ. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले आणि पेठेत बँका, लॉज, दुकानं, कचेऱ्या उभ्या राहिल्या. अशाच एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हा कारकून बारा वर्षं एकाच टेबलाशी बसत आला होता.

काम वसुलीचं. सकाळी संगणक सुरू केला की थकलेल्या हप्त्यांची यादी समोर यायची. एकेका नावापुढचा नंबर लावायचा, ठरलेली वाक्यं बोलायची, पलीकडून जे उत्तर येईल ते रकान्यात भरायचं. ‘पुढच्या आठवड्यात भरतो’, ‘पगार झाला नाही’, ‘मालक दवाखान्यात आहेत’. संध्याकाळी साहेब किती वसुली झाली ते विचारायचे आणि आकडा कमी असला की सगळ्यांसमोर बोलायचे.

पगार वेळेवर व्हायचा, घराचा हप्ता त्यातूनच जायचा. बायको एका छोट्या खासगी शाळेत मराठी शिकवायची, तिची कमाई बेताची. घरात आई आणि सातवीतली मुलगी. बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीकठाक दिसत होतं. पण रविवारी संध्याकाळी रंकाळा तलावावर मुलगी भेळ खात असली की याचा घास घशाशी अडकायचा. उद्या सोमवार, एवढं आठवलं तरी पोटात गोळा यायचा. नोकरी सोडावी असं त्याला गेली तीन-चार वर्षं वाटत होतं. सोडवत नव्हती आणि धरवतही नव्हती.

त्याच्या डोळ्यांसमोर दोन उदाहरणं होती. एक शेजारच्या टेबलावरचा तरुण. साहेब एकदा टाकून बोलले, तसा त्यानं तिथल्या तिथे राजीनामा लिहिला, पिशवी उचलली आणि जिना उतरला. सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. त्यानं भावाकडून पैसे घेऊन चहाचं दुकान टाकलं. चहाच्या धंद्यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं, आवडही नव्हती. त्याला फक्त त्या कचेरीतून सुटायचं होतं. वर्षाच्या आत दुकान बंद झालं आणि तो दुसऱ्या एका वित्त कंपनीत, कमी पगारावर, तेच फोन करायला बसला.

दुसरे एक ज्येष्ठ सहकारी. त्यांना तबल्याचं वेड. शिकवण्याचा हात चांगला, गल्लीतली पोरं त्यांच्याकडे यायची. ‘मुलगा दहावी झाला की सोडतो,’ म्हणाले. मग मुलाचं इंजिनीअरिंग आलं, मग मुलीचं लग्न आलं, मग घराची दुरुस्ती निघाली. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. तोवर बोटं आखडली होती आणि गल्लीतली पोरंही मोठी होऊन पांगली होती.

कारकून या दोघांकडे बघायचा आणि आणखी गोंधळायचा. सोडलं तरी फसगत, थांबलं तरी फसगत.

एका पौषातल्या रात्री त्यानं मोबाइलवर राजीनामा लिहून काढला आणि बायकोला वाचायला दिला. तिनं तो शांतपणे वाचला.

“द्यायचा तर द्या,” ती म्हणाली. “मी आडवी येणार नाही. पण तुमची रजा किती शिल्लक आहे? आधी पंधरा दिवस रजा काढा. पुरती झोप घ्या. मग हाच कागद परत वाचू.”

तिचं म्हणणं त्याला पटलं. रजा मंजूर झाली आणि तो आपल्या मामाकडे गेला.

मामा पंचगंगेकाठच्या गावात गुळव्या होता. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळातला जाणता माणूस. उसाचा रस कधी आटला, गूळ कधी तयार झाला, रस आटवायची मोठी कढई, म्हणजे काहील, कोणत्या क्षणी उतरवायची, हे तो सांगणार. त्याचा शब्द मालकालाही मानावा लागतो. करवीरच्या काळ्या मातीतल्या उसाचा हा गूळ गुजरातपर्यंत जातो. 2014 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गुऱ्हाळं दरवर्षी कमी होत चालली आहेत. ऊस साखर कारखान्यांना जातो, कामाला माणसं मिळत नाहीत, आणि जुने गुळवे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मामा त्यांपैकी एक. वय सत्तरीच्या पुढे, तरी हंगामात पहाटे तीनला चुलवाणाशी हजर.

पहिले चार दिवस भाचा नुसता झोपला. जेवायचा आणि झोपायचा. मामी कुणाला त्याच्या खोलीकडे फिरकू देत नव्हती. पाचव्या दिवशी पहाटे त्याला आपोआप जाग आली. बाहेर थंडी होती. तो घोंगडं गुंडाळून गुऱ्हाळावर गेला.

चरकावर ऊस चालला होता. हजारभर लिटरची काहील रसानं भरलेली, खाली वाळलेल्या चिपाडांचा जाळ. रस तापू लागला तसा मामानं ठेचलेल्या रानभेंडीचं चिकट पाणी त्यात सोडलं. थोड्या वेळानं रसावर काळपट-हिरवी, फेसाळ साय चढू लागली. मामा लांब दांड्याच्या झाऱ्यानं ती गोळा करून बाजूच्या डब्यात टाकू लागला. काढली की परत चढायची. परत काढायची. त्याचा हात घाई करत नव्हता आणि थांबतही नव्हता.

“ही मळी,” मामा म्हणाला. “उसाबरोबर आलेली माती, पाचटाचा कस, कायबाय. ही न्हाई काढली तर गूळ काळा होतो, टिकत न्हाई. नवं पोरगं काय करतं, रस उकळला की लगेच जाळ वाढवतं. त्याला गूळ बघायची घाई. मळी रसातच आटती. मग कितीबी हुशारीनं काहील उतरव, माल वाया.”

भाचा जाळाजवळ उकिडवा बसला. म्हणाला, “मामा, नोकरी सोडू म्हणतोय.”

“सोड की,” मामा झारा फिरवत म्हणाला. “कशापायी सोडतोस?”

“जीव रमत नाही.”

“ते झालंच. पण कशापायी रमत न्हाई?”

भाच्याकडे उत्तरं पुष्कळ होती. साहेब नीट बोलत नाहीत. डोकं सतत दुखतं. रात्री झोप नाही. लोकांच्या शिव्या खाव्या लागतात. कुणाचं भलं होत नाही. बरोबरचे पुढे गेले. त्यानं हे सगळं एका दमात सांगितलं. मामानं ऐकून घेतलं आणि झाऱ्यावरची मळी डब्यात झाडली.

“बाळा, तू मला मळी आणि रस एकातच कालवून दाखवलास. आता यातलं दुखणं कुठलं आणि तहान कुठली, मी कसं सांगणार? तू आधी मळी काढ. खाली काय उरतंय ते बघ. मग नोकरीचं बोलू.”

गुळाच्या जुन्या हिशोबपट्टीच्या पाठकोऱ्या बाजूवर भाच्यानं त्या दिवशी यादी केली. काय काय नको आहे, ते एकेका ओळीत लिहिलं. मग एकेका ओळीवर विचार करू लागला.

डोकेदुखी आणि झोप, या दोन ओळी आठवड्यातच खोडता आल्या. झोप पुरी झाली तशी डोकेदुखी गेली होती. म्हणजे ती थकव्याची मळी होती. तिला उपाय रजेचा, राजीनाम्याचा नव्हे. साहेबांच्या बोलण्याची ओळ त्यानं बराच वेळ बघितली. अपमान खरा होता. पण साहेब बदलले असते तर? किंवा याचंच टेबल बदललं असतं तर? ती ओळ आणि लोकांच्या शिव्यांची ओळ, दोन्ही खोडल्या गेल्या. ती तक्रारीची मळी होती, तिच्यावर उपाय बदलीचा. बरोबरचे पुढे गेले, ही ओळ तर त्यानं थोडं शरमूनच खोडली. ती दुसऱ्याच्या ताटाकडे बघण्याची मळी होती.

एकच ओळ उरली. ‘कुणाचं भलं होत नाही.’

ती खोडायला त्याचा हात होईना. डोळ्यांसमोर एक फोन आला. कागलकडच्या एका बाईंनी शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलं होतं. हप्ता थकला, त्यावर दंड चढला, दंडावर व्याज. फोनवर त्या रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, “दादा, सही करताना हे कुणी मला वाचून दाखवलं नाही हो.” यानं रकान्यात ‘ग्राहकाने मुदत मागितली’ असं भरलं आणि पुढचा नंबर लावला. पण ते वाक्य वर्षभर त्याच्या मनातून गेलं नव्हतं. करारात काय लिहिलंय, दंड कधी लागतो, तो कसा टाळायचा, हे सगळं याला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक असायला हवं त्याला मात्र सगळं होऊन गेल्यावर कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुऱ्हाळावर एक शेतकरी आला. त्याच्या हातात बाजारातली पट्टी होती. वजन इतकं, दर इतका, हमाली, तोलाई, शेवटी हातात पडणारी रक्कम. त्याला बेरीज जुळत नव्हती. भाच्यानं पट्टी घेतली, जाळाशेजारी बसून एकेक आकडा समजावून सांगितला. गुळाचे रवे तीस किलोचे, इतके नग, म्हणून वजन एवढं. ही रक्कम हमालीची, ही तोलाईची. एका ठिकाणी वजावट दोनदा धरली होती, तीही सापडली. शेतकऱ्यानं पट्टी घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, “उद्या पीककर्जाचा कागद आणू का?”

दुसऱ्या दिवशी तिघं आले. तिसऱ्या दिवशी बचत गटाच्या बायका आपलं रजिस्टर घेऊन आल्या. भाचा दुपारचं जेवण विसरून त्यांच्यात बसला. मामी ताट झाकून ठेवून वाट बघत होती. मामा लांबून हे सगळं बघत होता.

रात्री चुलवाणाशी मामानं विचारलं, “मळी निघाली का?”

“निघाली,” भाचा म्हणाला. “मला वाटायचं आकड्यांचा कंटाळा आलाय. आकड्यांचा नाही आला, मामा. सही झाल्यावर माणसाला आकडे ऐकवायचा कंटाळा आलाय. मला ते सहीआधी सांगायचेत.”

“ही तहान,” मामा म्हणाला. “आता काय करणार?”

“उद्याच जाऊन राजीनामा देतो. गावोगाव फिरून हेच काम करतो.”

मामा हसला, पण प्रेमानं. “पोटाला काय खाशील? आणि गावोगाव फिरायला एस.टी.चं तिकीट कोण काढंल?” मग तो खाली बसला. “मी साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजात शिकलो, ‘कमवा आणि शिका’ योजनेत. सकाळी शेतात काम करायचं, दिवसा वर्गात बसायचं. ते कॉलेज ज्यांनी काढलं त्यांची गोष्ट ऐक.”

आणि मामानं त्याला कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट सांगितली. 1887 मध्ये आपल्याच हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला जन्म. शिक्षण कोल्हापुरात, शाहू महाराजांच्या काळात. पण मॅट्रिकची परीक्षा काही पुरी झाली नाही. पोटासाठी साताऱ्यात शिकवण्या केल्या. ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल विकला, मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायला गावोगाव हिंडले.

“नांगर विकायला माणूस कुठं जातो?” मामानं विचारलं. “शेतकऱ्याच्या बांधावर. तिथं त्यांना काय दिसलं? पोरं गुरं राखतायत. शाळा न्हाई, आणि शाळा असलीच तर गावाबाहेरच्या पोराला तिथं जागा न्हाई. नांगर विकता विकता त्यांना आपलं काम दिसलं. पण म्हणून त्यांनी पोटाचा उद्योग एका दिवसात फेकला का? न्हाई. ती धडपड चालू असतानाच, 1919 साली, कऱ्हाडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. त्यानंतरही साताऱ्यात कूपर नावाच्या उद्योजकांबरोबर कारखान्याच्या कामात काही काळ होते. 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग उभं राहिलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसली. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मग मात्र त्यांनी मागं वळून बघितलं न्हाई. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचं सोनं, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. आज रयतच्या शाळा किती गावांत हायत, तूच बघतोस.”

मामा थोडा थांबला. “त्यांच्याएवढं काम तुझ्यामाझ्या हातून व्हायचं न्हाई. पण रीत तीच. ज्या नोकरीत तुझा जीव रमत न्हाई, त्याच नोकरीनं तुला करार वाचायला शिकवलं. तिला शिव्या देत निघू नकोस. तिच्याकडून घेण्यासारखं काय उरलंय ते घे. बाजूला लहान काहील लाव. जाळ बेताचा ठेव.”

“आणि सोडायचं कधी?”

मामानं उत्तर दिलं नाही. काहिलीत रस आटत आला होता, त्याचे बुडबुडे जड होऊन फुटत होते. मामानं पळीनं थोडा पाक घेतला आणि थंड पाण्याच्या वाटीत सोडला. बोटांनी त्याची गोळी वळून बघितली. मऊ होती, लगेच पसरली. त्यानं मान हलवली. चार-पाच मिनिटांनी परत घेतला. या वेळी गोळी टणक झाली आणि वाटीच्या कडेवर आपटल्यावर तिचा आवाज आला. मामानं हात वर केला. चार माणसांनी एका दमात काहील उतरवली आणि पाक वाफ्यात ओतला.

“आधी उतरवला असता तर रवा बसला नसता, पाझरत राहिला असता,” मामा घाम पुसत म्हणाला. “उशीर केला असता तर काळा पडून कडवट झाला असता. म्हणून गुळव्या परत परत गोळी वळून बघतो. तूही बघत राहा. आणि गोळी टणक झाली की क्षणभर थांबू नकोस.”

रजा संपली. कारकून कोल्हापूरला परतला आणि बायकोसमोर तो राजीनामा उघडून दोघांनी परत वाचला. मग त्यानं तो पुसला आणि त्याऐवजी वसुलीतून कर्जमंजुरीच्या कागदपत्रांकडे बदली मागणारा अर्ज लिहिला. बदली व्हायला पाच महिने लागले. तेवढे दिवस फोन करावेच लागले, पण आता ते सोसवत होते. पुढचं काहीतरी दिसत होतं.

नव्या टेबलावर आल्यावर त्यानं एक नियम घालून घेतला. समोर सही करायला बसलेल्या माणसाला दंडाचं आणि व्याजाचं कलम मराठीत वाचून दाखवायचं, मगच पेन पुढे करायचं. वेळ लागायचा. पण त्याच्या टेबलावरून गेलेले लोक पुढे सहसा थकबाकीच्या यादीत दिसत नव्हते. हे साहेबांच्याही लक्षात आलं.

रविवारी तो मामाच्या गावी जायचा. पहिले काही महिने फुकट सल्ला दिला. मामानं त्याला दटावलं, “फुकटाच्या औषधाचा कुणाला गुण येत न्हाई. थोडं घे, पण घे. तुझ्या घरचीही चूल पेटली पाहिजे.” तेव्हापासून त्यानं माफक फी ठरवली. रात्री जीएसटी आणि प्राप्तिकराचं शिकून घेतलं. बचत गटांचे हिशोब, शिवाजी उद्यमनगरातल्या दोन छोट्या वर्कशॉपची वह्यांची कामं, शेतकऱ्यांचे कर्जाचे कागद, असं एकेक येत गेलं. एक गोष्ट त्यानं कटाक्षानं पाळली. ज्या कंपनीचा पगार खातो तिचा ग्राहक आपल्या खासगी कामात घ्यायचा नाही, आणि कंपनीच्या वेळेत आपलं काम करायचं नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद, शेतकरी शेतात, रविवार मोकळे गेले. एका वर्कशॉपनं पैसे बुडवले. मुलगी म्हणायची, “बाबा, तुम्ही रविवारी घरी नसताच.” ते त्याला लागलं. म्हणून महिन्यातला एक रविवार फक्त घरासाठी, असं त्यानं ठरवून टाकलं.

पैशाचं मोजमाप बायकोनं हातात घेतलं. तिनं वहीत तीन रकाने आखले. सहा महिन्यांचा घरखर्च, सहा महिन्यांचे घराचे हप्ते, आणि आईसह सगळ्यांचा आरोग्य विमा. बाजूच्या कामातून येणारा प्रत्येक रुपया यातल्या एका रकान्यात जायचा. “हे तिन्ही भरले की माझ्याकडून तुम्ही मोकळे,” ती म्हणाली.

दुसरा हंगाम संपेपर्यंत रकाने भरले. कामही इतकं वाढलं होतं की लोकांना पुढच्या महिन्याची तारीख द्यावी लागत होती. गोळी टणक झाली होती. तरी कारकुनाचा हात राजीनाम्याकडे जाईना. दिवाळीचा बोनस येऊ दे, म्हणाला. मग म्हणाला, पुढच्या वर्षी पगारवाढ आहे. तबला वाजवणारे ते सहकारी त्याला आठवत नव्हते असं नाही, पण भीती माणसाला विसराळू बनवते.

तेव्हा बायकोनं त्याला लेखक वि. स. खांडेकरांची आठवण करून दिली. ती शाळेत त्यांचे धडे शिकवायची. “1920 ते 1938, अठरा वर्षं खांडेकर शिरोड्याला शाळेत मास्तर होते,” ती म्हणाली. “‘छाया’ चित्रपटाची कथा लिहिली तेव्हाही, 1936 मध्ये, ते शाळेतच होते. लिखाण उभं राहिलं, पुढचं काम समोर दिसू लागलं, तसं कोल्हापूरला आले ते आलेच. ‘ययाति’ कादंबरी त्यांनी इथे लिहिली. त्यांनी शिरोड्याची अठरा वर्षं वाया गेली असं मानलं नाही, आणि एकोणिसाव्या वर्षासाठी तिथे अडूनही बसले नाहीत. तुमचे तिन्ही रकाने भरलेत. आता कसली वाट बघताय?”

दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात नव्या हंगामाचे मुहूर्ताचे सौदे झाले. त्याच आठवड्यात कारकुनानं राजीनामा दिला. नियमाप्रमाणे मुदत दिली, नव्या माणसाला सगळं काम शिकवलं, कलम वाचून दाखवायची रीतही शिकवली. साहेबांनी हात मिळवला. इतक्या वर्षांत ज्यांच्याशी कडवटपणा होता, त्यांच्याशीही त्याचं मन स्वच्छ राहिलं.

आज तो मोठा माणूस झालेला नाही. पहिल्या वर्षी उत्पन्न पगारापेक्षा कमीच होतं. आयकराच्या दिवसांत रात्री जागाव्या लागतात. पण रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर तो मुलीबरोबर भेळ खातो आणि ती त्याला गोड लागते. आणि त्याच्याकडे येणारा कुठलाही शेतकरी, कुठलीही बाई, वाचून घेतल्याशिवाय कागदावर सही करत नाही.

गोष्ट इथे संपली असती, पण एक सांगायचं राहिलं. त्याच्या जुन्या कचेरीतली एक बाई त्याच्याकडे सल्ल्याला आली. तिलाही नोकरी सोडायची होती. यानं तिला कागद दिला आणि मामानं सांगितलेलंच सांगितलं. तिनं रजा घेतली, यादी केली, एकेक ओळ खोडली. शेवटी एकही ओळ उरली नाही. ती थकली होती, एवढंच. सासूच्या आजारपणात दोन वर्षं तिला उसंत मिळाली नव्हती. ती परत कामावर गेली आणि आता आनंदानं काम करते. तिचा निर्णयही तितकाच बरोबर होता. नोकरी सोडणारा तेवढा शूर आणि न सोडणारा भित्रा, असं नसतं. आपल्या कंटाळ्याखाली काय आहे हे ज्यानं नीट बघितलं, तो शहाणा.

आपल्यापैकी कितीतरी जण आज याच वळणावर उभे आहेत. घरचे म्हणतात धरून ठेव, मित्र म्हणतात सोडून दे, आणि आपण दोन्हीकडे मान डोलावतो. त्यांच्यासाठी ही गोष्ट मी मनापासून सांगितली. आयुष्यातली इतकी वर्षं आपण कामात घालवतो, की त्या कामाबद्दल स्वतःशी खरं बोलणं हे आपलं कर्तव्यच आहे.

तात्पर्य : थकव्याला विश्रांती द्यावी, तक्रारीवर उपाय शोधावा, आणि त्यानंतरही जी ओढ उरेल तिचं ऐकावं. कंटाळ्यापायी नोकरी सोडू नये. ओढ सापडली तर पोटाची सोय राखून लहान सुरुवात करावी. आणि तयारी पुरी झाली की भीतीपोटी एक दिवसही जास्त थांबू नये.